ऑडिशनला जाताय? सोलापूरच्या नाचणाऱ्या पोरापोरींसाठी

जून-जुलै आला की माझ्या फोनवर तेच मेसेज सुरू होतात. ताई ऑडिशनला काय नाचू, ताई मेकअप करून जायचं का, ताई ओळख असल्याशिवाय घेतात का हो. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आहे, तिसऱ्याचं उत्तर असं की काही ठिकाणी घेत असतीलही, पण मी दोन वर्षं निवडीच्या टेबलामागं बसून नावं लिहायचं काम केलंय आणि तिथं ओळखीनं आत आलेल्यांपेक्षा नियमाचा कागद न वाचल्यामुळं बाहेर गेलेली पोरं कितीतरी जास्त बघितलीत. म्हणून हे लिहायला घेतलं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, एका छोट्या क्लासमध्ये कथक शिकले, मग बाहेरगावी जाऊन नृत्याची डिग्री केली, आता परत इथंच शिकवते.

आधी कुठली ऑडिशन ते बघा

ऑडिशन हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि सगळा घोळ तिथंच होतो.

एक, प्रवेशाची. म्हणजे पुण्याचं ललित कला केंद्र किंवा मुंबईचं नालंदा नृत्यकला महाविद्यालय अशा ठिकाणी नृत्याच्या डिग्रीला जायचं असेल तर तिथं तुमची तयारी, तालाची समज, थोडं बोलणं हे बघतात. दुसरी, युवा महोत्सवाची. ती कॉलेज पातळीवर सुरू होते, मग विद्यापीठ, म्हणजे आपलं केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, आणि तिथून पुढं इंद्रधनुष्य (राज्यातल्या विद्यापीठांचा महोत्सव) किंवा आंतरविद्यापीठ महोत्सव. आपलं विद्यापीठ २००४ चं आणि एकाच जिल्ह्यापुरतं, त्यामुळं पंढरपूर, बार्शी, सांगोला, अकलूज कुठूनही संघ आले तरी फिरून फिरून तेच चेहरे भेटतात, आणि मागच्या वर्षी तालीम अर्धवट सोडून गेलेला कोण होता तेही लोकांच्या लक्षात राहतं. तिसरी, आपण डिग्री करतो त्या नृत्य विभागाच्या स्वतःच्या कार्यक्रमाची, म्हणजे वार्षिक प्रयोग, नृत्यनाटिका, मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनी बसवलेल्या रचना. नवीन पोरं सगळ्यात जास्त गडबडतात ती या तिसरीत, म्हणून मी जास्त तिच्याबद्दलच लिहिणार आहे.

प्रवेशाच्या ऑडिशनमध्ये तुम्ही किती येतं ते दाखवायला जाता. विभागाच्या ऑडिशनमध्ये नाच आधीच कुणाच्या तरी डोक्यात बसलेला असतो, त्यांना त्यात बसणारी माणसं हवी असतात. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. पहिल्या वर्षी मी विशारदच्या परीक्षेला केलेलं कथकचं सगळं, ठाठ, आमद, तोडे, दोन परणी, असं साडेचार मिनिटांचं घेऊन गेले आणि चाळीस सेकंदांत सर म्हणाले बास, बसा. बाहेर येऊन रडले. आता टेबलामागं बसल्यावर कळलं की चाळीस सेकंदात पाय, पाठ आणि लय दिसून जाते, साठ पोरं बघायची असतात, थांबवलं म्हणजे नापास केलं असं काही नसतं.

कागद वाचा, खरंच वाचा

ऑडिशनच्या आठ-पंधरा दिवस आधी नोटीस लागते. त्यात तारीख, वेळ, हॉल एवढंच बघून पोरं फोटो काढून स्टेटसला टाकतात. खाली बारीक अक्षरात जे असतं तेच कामाचं. साधारण या गोष्टी शोधा: ऑडिशन सगळ्यांना सक्तीची आहे का ऐच्छिक (बऱ्याच विभागात डिग्रीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना द्यावीच लागते, भूमिका मिळो न मिळो), तालमीचे दिवस आणि वेळ, किती गैरहजेरी चालते, कमी मार्क किंवा एटीकेटी असेल तर स्टेजवर येता येतं का, आणि निवड झाल्यावर नाही म्हणायची मुदत किती.

युवा महोत्सवाला जायचं असेल तर नियमपुस्तिका वेगळी, ती दरवर्षीची नवीन मागून घ्या. आंतरविद्यापीठ महोत्सवात लोकनृत्याच्या संघात नाचणारे जास्तीत जास्त दहा, साथीला पाच, आणि वेळ आठ ते दहा मिनिटं. शास्त्रीय एकलला तयारीसकट पंधरा मिनिटं. वयाची अट पंचवीसच्या आतली. हे आकडे का सांगतेय, तर संघ निवडताना कोच डोक्यात दहाचाच हिशोब करतो. चौदा चांगल्या पोरी असल्या तरी चार जणींना घरी बसावं लागतं, मग त्या म्हणतात राजकारण झालं. कधी होतंही. पण बऱ्याचदा नुसता दहाचा आकडा असतो.

तारखांचा फॉर्म खोटा भरू नका

ऑडिशनच्या आधी किंवा त्याच दिवशी एक फॉर्म देतात, तालमीच्या काळात तुम्ही कुठल्या तारखांना नाही ते लिहा म्हणून. सगळ्यांना वाटतं तारखा लिहिल्या की घेणार नाहीत, म्हणून 'काही नाही' लिहून मोकळे होतात. आणि मग जानेवारी उजाडतो.

आपल्या सोलापूरकरांचा जानेवारी म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. संक्रांत, सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, गड्ड्याची जत्रा. घरून फोन, येणार नाहीस का गं यंदा. विभागाचे प्रयोग पण नेमके जानेवारी-फेब्रुवारीत. मी दुसऱ्या वर्षी फॉर्मवर काही लिहिलं नाही, शुक्रवारी रात्री गुपचूप निघून आले, अक्षता सोहळा बघितला, सोमवारी गेले तर माझ्या जागी दुसरी उभी होती. मी रागानं विचारलं तर तालीम घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "तू लिहून दिलं असतंस तर ते दोन दिवस आम्ही दुसरा सीन घेतला असता." त्यावर बोलायला काही नव्हतंच.

तर लिहा. चुलत बहिणीचं लग्न, परीक्षा, संध्याकाळी शिकवायला जाता ती शिकवणी, सगळं लिहा. आणि ज्यात तडजोड चालेल तिथं तसं पण लिहा, 'रविवारी सकाळी क्लास असतो पण बदलता येईल' असं. वेळापत्रक बसवणाऱ्याला अशी ओळ बघून तुमच्याबद्दल बरं वाटतं, हे मी स्वतः त्या जागी बसून सांगतेय.

काय घालायचं, काय न्यायचं

कथक असेल तर चुडीदार-कुर्ता, ओढणी तिरकी घेऊन कमरेला घट्ट बांधलेली. भरतनाट्यम असेल तर सरावाची साडी. कंटेम्पररी असेल तर अंगाला बसणारे कपडे आणि नी पॅड, कारण जमिनीवर पाडतातच. केस पूर्ण मागं. बांगड्या, लांब कानातले, पैंजण घरी ठेवा. मेकअप नको, काजळ पुरे. कपड्यांवर छातीशी नंबराची चिठ्ठी लावतात, ती सुटते, म्हणून स्वतःच्या सेफ्टी पिना न्या.

घुंगरू न्या पण सांगितल्याशिवाय बांधू नका. शंभर-शंभरची जोडी बांधून पाय मारला की आवाजात चुका लपतात, त्यामुळं पुष्कळ शिक्षक पहिल्यांदा मोकळ्या पायानंच तत्कार, म्हणजे तालावरचं पायाचं काम, बघतात. फार लहानपणापासून जड घुंगरात सराव केलेल्यांची इथं पंचाईत होते, तळवा नीट पडतोय का नाही ते लगेच दिसतं.

आणि खाणं. सकाळची ऑडिशन असेल आणि हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाणार असाल तर आई डब्यात शेंगापोळी देते, प्रेमानं देते, पण ती ऑडिशन झाल्यावर खा. आधी केळं, थोडं पाणी. शक्य असेल तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, चार तास गाडीत बसून उतरलेला पाय नाचायला तयार नसतो.

आत गेल्यावर: इथंच सगळं ठरतं

साधारण क्रम असा असतो. आधी सगळ्यांना एकत्र वॉर्मअप. मग एक छोटा तुकडा शिकवतात, कुणी आठ काऊंटचे चार संच म्हणतात, कुणी एक तोडा, कुणी नुसती चाल आणि वळण. दहा-पंधरा मिनिटं देतात. मग पाच-सहा जणांचे गट करून नाचवतात. मग जागा बदलतात, मागचे पुढं. त्यानंतर एकेकट्याचं. त्यानंतर लागलं तर दुसऱ्या फेरीला थांबवून घेतात.

लोक घरून बसवून आणलेल्या एकलची महिनाभर तयारी करतात आणि निकाल लागतो तो त्या पंधरा मिनिटांत शिकवलेल्या तुकड्यावर. कारण प्रयोगात तुम्हाला दुसऱ्यानं बसवलेलंच नाचायचं असतं. तेव्हा सराव करायचा तो हा करा: मैत्रिणीला सांगा रोज मला काहीतरी नवीन दाखव, तीनदा दाखव, चौथ्यांदा मी करणार. एक महिना केलं तर फरक पडतो.

आणि नुसतं बघून पायाची नक्कल करू नका, मोजा. एक उदाहरण देते, हे मी माझ्या मुलींकडून दरवेळी करून घेते. तिगधा दिगदिग थेई, अशी तीन मात्रांची साधी तिहाई (एकच बोल तीनदा म्हणून समेवर संपवायचा), मध्ये दम म्हणजे थांबा नाही. तीनदा म्हटली की नऊ मात्रा होतात, शेवटची थेई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची म्हणजे समेच्या आठ मात्रा आधी उचलायची. सोळा मात्रांच्या तीनतालात म्हणजे नवव्या मात्रेवरून, बरोबर 'खाली'च्या मात्रेवर, जिथं टाळी नसते. हे तर सगळ्यांना येतं, पाठ असतं. आता शिक्षक सहज म्हणतात, हीच झपतालात करा. अर्धी रांग नवव्यावरूनच उचलते आणि सम कुठल्या कुठं. दहा मात्रांत आठ आधी म्हणजे तिसरी मात्रा, एवढाच हिशोब. ज्यानं थांबून बोटावर मोजलं आणि मग उचललं त्याच्या नावापुढं टीक होते, पाय थोडा कच्चा असला तरी. पाय तालमीत पक्का करून घेता येतो.

पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं, म्हणायला सांगतील. मान खाली घालून पुटपुटू नका, हातावर ताल धरून मोकळ्या आवाजात म्हणा. लेहरा (तालाच्या मापाची परत परत वाजणारी धून) वाजत असताना पहिलं आवर्तन नुसतं ऐकलं तरी चालतं, उलट ऐकावंच.

चुकलं तर काय? चालू ठेवा. हे सगळे सांगतात, मी पण सांगते, पण पुढचं कुणी सांगत नाही, की चुकल्यावर शेजारणीकडं बघून करू नका. टेबलावरून डोळे लगेच दिसतात. त्यापेक्षा चार काऊंट नुसती लय पायात धरून उभं राहा आणि पुढच्या समेला आत या. आणि दुसऱ्याचा गट नाचत असताना भिंतीला टेकून मोबाईल बघत बसू नका, मागं उभं राहून तोच तुकडा हळू करत राहा. ऑडिशन तेव्हा पण चालूच असते बे, आमच्याकडं एक ताई फक्त मागं उभ्या असलेल्यांनाच बघायच्या.

सूचना दिली की बदलून दाखवा. शिक्षक म्हणाले हात खाली ठेव, तर पुढच्या वेळी हात खालीच दिसला पाहिजे. 'आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलंय' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. तुमच्या गुरूंचा मान तुम्ही कसं शिकून घेता त्यातून दिसतो, वाद घालून दिसत नाही.

इथं एक गोष्ट आपल्या बाजूची. शास्त्रीय न शिकलेली पण गणपतीत मंडळाच्या लेझीममध्ये महिना-महिना घाम गाळलेली पोरं ऑडिशनला लाजत येतात, आम्हाला काही येत नाही म्हणतात. अरे, रांग सरळ ठेवणं, दोघांत अंतर राखणं, हलगीवर एकदम दिशा बदलणं, हे तुम्हाला झोपेत येतं, आणि समूहात ह्याचीच टंचाई असते. सांगोला-मंगळवेढ्याकडची गजी (धनगरांचा ढोलावरचा नाच) खेळणारी पोरं तर ढोलाची चाल बदलली की कुणी न सांगता बदलतात. फॉर्मवर 'पूर्वीचं शिक्षण' असतं तिथं हे लिहा. तसंच पूर्व भागातल्या पोरींनी बतुकम्माचा, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचा, फेर लिहावा, त्यात लाज कसली.

भूमिका कशी देतात

हे थोडं स्पष्ट सांगते कारण यावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

चांगल्या विभागात आधीच लिहून ठेवलेलं असतं की सीनिऑरिटीवर भूमिका मिळत नाही, मागच्या वर्षी मुख्य होती म्हणून यंदा हक्क नाही, आणि शेवटचा शब्द नाच बसवणाऱ्याचा. बसवणारा काय बघतो? तुकडा किती लवकर उचलला, दम किती आहे, अभिनय, शेजारच्याबरोबर जमतंय का, तारखा, आणि मागच्या तालमींची हजेरी. उंची पण बघतात, रांगेसाठी, जोडीसाठी, ते मान्य करा. एखाद्या शिकणाऱ्याला या वर्षी संधी द्यायची असंही ठरवतात, कारण विद्यापीठ आहे, व्यावसायिक कंपनी नाही. ते मला पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यातली मी पण एकेकाळी होते.

न पटणारं पण आहे. राधा गोरी पाहिजे, जाड मुलगी पुढच्या रांगेत नको, असलं बोलणं मी माझ्या कानानं ऐकलंय. रंग हा निवडीचा निकष नाही, असूच शकत नाही, आणि वजनावर सगळ्यांसमोर टोमणे मारणं हे शिकवणं नाही. कृष्ण मुलीनं करायचा का मुलानं हा प्रश्न पण आता सुटलाय, ज्याच्या डोळ्यात येतो त्यानं करावा. असलं काही झालं तर त्याच दिवशी तारीख-वेळेसकट लिहून ठेवा आणि विभागप्रमुखांकडं लेखी द्या.

आणि एक गोष्ट ताई म्हणून सांगते, मुलांना पण आणि मुलींना पण. विभागाची ऑडिशन विभागातच असते, नोटीस लागलेली असते, समोर एकापेक्षा जास्त माणसं असतात. 'तुझी वेगळी ऑडिशन घेतो, संध्याकाळी घरी ये' असं कुणी म्हणालं, कितीही मोठं नाव असलं, तरी जायचं नाही. कपडे, जोडीतला स्पर्श, उचलणं यात काही नको असेल तर आधीच सांगायचा हक्क आहे तुम्हाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिची नावं बोर्डावर असतात, प्रवेश घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो काढून ठेवा.

यादी लागली

यादी बोर्डावर लागते आणि पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर फिरते. बऱ्याच ठिकाणी नावापुढं सही करायची असते, सही म्हणजे भूमिका घेतली, तालमी मान्य. सही करण्याआधी तारखा परत बघा. नको असेल तर मुदतीत नाही म्हणा, त्याचा कुणी राग धरत नाही. सही करून पंधरा दिवसांनी सोडलं की मात्र धरतात, आणि पुढच्या ऑडिशनला ते निघतं.

नाव नसेल तर त्या दिवशी कुणाशी बोलू नका, मेसेज तर अजिबात टाकू नका. घरी जा, कडक भाकरी-शेंगाचटणी खा, झोपा. एक-दोन दिवसांनी वेळ मागून भेटा आणि विचारा, "मॅडम, पुढच्या वेळेसाठी मी कशावर काम करू?" एवढंच. 'तिला का घेतलं' हे विचारलं की समोरचा माणूस बंद होतो, आणि उत्तर मिळालं तरी ते तुमच्या काही उपयोगाचं नसतं.

राखीवमध्ये नाव असेल तर, ऐका. राखीव म्हणजे घरी बसणं नव्हे. राखीवनं सगळ्या तालमींना यायचं, मागं उभं राहून सगळं करायचं, आणि जमलं तर दोघींच्या जागा पाठ करायच्या. पाय मुरगळणं, टायफॉइड, घरी अडचण, दहा जणांच्या संघात काही ना काही होतंच. तिसऱ्या वर्षी मी राखीव होते आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी एकीचा घोटा सुजला. मला एन्ट्री कुठल्या विंगमधून तेही माहीत होतं, म्हणून तिची जागा मला दिली, माझ्यापेक्षा चांगली नाचणारी दुसरी राखीव होती तिला नाही, कारण ती आठवड्यातून एकदाच यायची.

तालमीत गैरहजेरीचा नियम बहुतेक ठिकाणी कडक असतो, दोन-तीन चुकल्या की काढतात, उशीर पण मोजतात. दुखलं-खुपलं असेल तर लपवू नका, येऊन कडेला बसून बघा, ती हजेरी धरतात. मेच्या उन्हात तालीम असेल आणि आपल्याकडं पारा चाळीसच्या वर गेलेला असताना पत्र्याच्या हॉलमध्ये नाचायचं असेल तर पाण्यात मीठ-साखर घालून आणा आणि चक्कर यायला लागली की लगेच थांबा, यात शूरपणा नको.

नाचायला मिळालं नाही तरी बॅकस्टेजला काही तास द्यावे लागतात, कपडे, प्रॉपर्टी, लाईटला मदत. पोरं याला शिक्षा समजतात. मी हुतात्मा स्मृती मंदिरात एका कार्यक्रमाला विंगेत उभी राहून नुसते कपडे बदलून देत होते, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मागच्या रांगेतल्या बाईनं सम चुकवली तर ती प्रेक्षकांना दिसत नाही पण विंगेतून लख्ख दिसते, आणि आपणही तशाच दिसत होतो.

रंगीत तालमीच्या दिवशी कपडे घालूनच पूर्ण नाचा, नुसतं खुणा करत नको. नऊवारीचा काष्टा चक्करात सुटतो का, ब्लाऊजचा हूक उसवतो का हे त्याच दिवशी कळायला हवं. प्रयोग झाल्यावर कपडे मोजून, सह्या घेऊन परत करा, अनामत असेल तर पावती जपून ठेवा. एक कंबरपट्टा हरवला म्हणून आमचं सहा जणींचं डिपॉझिट अडकलं होतं, आणि तो सापडला कुठं, तर माझ्याच बॅगेत, घुंगराच्या पिशवीखाली.